गिअरची मूठ बदलायची तर आधी आटे मोजा

'युनिव्हर्सल' म्हणून विकली जाणारी गिअरची मूठ कोणत्याच गाडीला धड बसत नाही. हे एकदा मान्य केलं की पुढचं काम अर्ध्या तासाचं आहे. खोकं उघडलं की आत मूठ, रबराचे किंवा प्लास्टिकचे तीन बुश, तीन ग्रब स्क्रू (डोकं नसलेले) आणि ते फिरवायची एक ॲलन की निघते. दांडीच्या जाडीला जुळेल तो बुश चढवायचा, वरून मूठ दाबायची आणि तिन्ही बाजूंनी स्क्रू आवळायचे, एवढीच कृती. आणल्या दिवशी घट्ट वाटते. मग मे महिन्यात परभणीला किंवा नांदेडला गाडी दुपारभर उन्हात राहते, रबर मऊ पडतं, स्क्रू त्यात रुततात आणि पहिल्यातून दुसऱ्यात ओढताना मूठ गरकन फिरते. नुसती फिरली तर ठीक. उपसून हातात आली तर कन्नडचा औट्रम घाट उतरताना उघड्या दांडीला धरून गिअर बदलायची वेळ येते.

म्हणून मूठ निवडताना रंग, चामडं, लाल दोऱ्याची शिवण हे सगळं शेवटी. पहिला प्रश्न असा की आपल्या गाडीची मूठ दांडीवर बसते कशी. दुसरा, रिव्हर्स टाकताना मुठीखालची कॉलर, म्हणजे कडं, वर उचलावी लागते का. या दोन उत्तरांवरच दुकानातल्या निम्म्याहून जास्त मुठी बाद होतात, आणि व्हायलाच हव्यात.

आट्यांची मूठ

बहुतेक जपानी वळणाच्या गाड्यांत दांडीच्या टोकाला आटे असतात आणि मूठ त्यावर फिरवून बसवलेली असते. हे आटे चार मापांत सापडतात: एम ८ × १.२५, एम १० × १.२५, एम १० × १.५ आणि एम १२ × १.२५. पहिला आकडा बाहेरचा व्यास, दुसरा दोन आट्यांमधलं अंतर, दोन्ही मिलिमीटरमध्ये. होंडाचं माप बहुधा एम १० × १.५ असतं, टोयोटाचं एम १२ × १.२५, जुन्या लान्सर-सेडियाचं एम १० × १.२५. पण नुसत्या बिल्ल्यावर विसंबू नका. ग्लान्झावर टोयोटाचा बिल्ला असला तरी गाडी मुळात बलेनोच आहे. शिवाय एकाच मॉडेलच्या पाच आणि सहा गिअरच्या गाड्यांत माप वेगळं निघू शकतं. जुनी मूठ काढा, मोजा, मगच ऑर्डर द्या.

मोजायला व्हर्निअर असेल तर उत्तम. एम १० चा व्यास प्रत्यक्षात ९.८-९.९ भरतो आणि एम १२ चा ११.८-११.९, त्यामुळे आकडा किंचित कमी आला म्हणून गोंधळू नका. अंतरासाठी साधी पट्टी पुरते. एका आट्याच्या माथ्यापासून सुरू करून पुढचे आठ आटे मोजा. अंतर १० मिमी भरलं तर १.२५ आणि १२ मिमी भरलं तर १.५. एक-दोन आटे मोजून अंदाज बांधू नका, पट्टीवर तेवढा फरक डोळ्याला कळत नाही.

याहून खात्रीचा मार्ग म्हणजे नट लावून बघणं. एम ८ × १.२५ आणि एम १० × १.५ हे जाड आटे आहेत. कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात एम ८ किंवा एम १० चा साधा नट मागितला की हाच मिळतो. एम १० × १.२५ बारीक आट्यांचा असल्याने तो ऑटो पार्ट्सच्या दुकानातच मागावा. आणि एम १२ × १.२५ साठी कुठे जायचीही गरज नाही, मारुतीच्या चाकाचा नट याच मापाचा असतो. ह्युंदाई, होंडा, टोयोटा यांच्या चाकाचा नट मात्र १२ × १.५, तो चालणार नाही. नट हाताने, बोटांच्या जोरावर शेवटपर्यंत फिरला तर माप बरोबर. दोन फेऱ्यांनंतर अडला आणि पाना लावावासा वाटला तर माप चुकलं, तिथेच थांबा. जोर लावला तर दांडीचे आटे खाल्ले जातात आणि शंभर-दोनशेच्या हौसेपायी पूर्ण दांडी बदलायची पाळी येते.

दाबून बसवलेली मूठ

युरोपीय वळणाच्या गाड्यांत दांडीला बहुधा आटे नसतात. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला २००१ पासून स्कोडा गाड्यांची जुळणी होते, त्यामुळे आपल्याकडे जुन्या ऑक्टाव्हिया, लॉरा बऱ्याच दिसतात. त्यांची आणि फोक्सवॅगनची मूठ अशी: मूठ, चामड्याचा बूट (दांडीभोवतीचं आवरण) आणि बुटाखालची प्लास्टिकची चौकट हा एकच संच असतो. चौकट कन्सोलमधून उचकून वर घ्यायची, बूट मोज्यासारखा उलटा करून मुठीवर ओढायचा. आत मुठीच्या मानेभोवती पत्र्याचा क्लॅम्प दिसतो. तो एकदाच वापरायचा असतो, साइड कटरने कान कापून काढून टाकायचा. मग मूठ सरळ वर ओढली की निघते. परत बसवताना नवा क्लॅम्प किंवा त्या मापाची छोटी होज क्लिप लागते, ती आधी आणून ठेवा. प्लास्टिकची केबल टाय इथे मुठीला धरून ठेवायला पुरत नाही.

या गाड्यांना आट्यांची मूठ अडॅप्टर लावून बसवण्याचा खटाटोप करू नये. त्याच मॉडेलसाठी बनवलेला मूठ-बूट-चौकटीचा संच घ्या. फोक्सवॅगनच्या मुठी १२ आणि २३ मिमी अशा दोन भोकांच्या मिळतात, तेव्हा इथेही मोजल्याशिवाय ऑर्डर नको.

रेनॉसारख्या काही गाड्यांत मूठ नुसती दाबून किंवा वर गोंद लावून बसवलेली असते. ती ओढताना चेहरा मुठीच्या वर आणू नका. अडून बसलेली मूठ सुटते तेव्हा एकदम सुटते आणि थेट हनुवटीवर बसते. हेअर ड्रायरने चार-पाच मिनिटं गरम करा, फडक्यात धरा आणि थोडं डावं-उजवं फिरवत सरळ वर ओढा.

रिव्हर्सची कॉलर

ह्युंदाईच्या बऱ्याच मॉडेलांत, फोर्डच्या काही गाड्यांत मुठीखाली एक कडं असतं. ते दोन बोटांनी वर उचलल्याशिवाय रिव्हर्स पडत नाही. कड्याला आतून केबल किंवा प्लास्टिकची नळी जोडलेली असते. रिव्हर्स पहिल्या गिअरच्या शेजारी असेल तर सिग्नलवर घाईत पहिल्याऐवजी रिव्हर्स पडू नये, म्हणून ही सोय.

आता साधी गोल मूठ आणून बसवली की दोनपैकी एक होतं. मूठ खाली इतकी उतरते की कडं उचलायला जागाच उरत नाही, म्हणजे रिव्हर्स गेला. किंवा बसवणारा पठ्ठ्या कडं कायमचं वर बांधून टाकतो आणि 'आता पडतो बघा रिव्हर्स' म्हणतो. पडतो, आणि नको तेव्हाही पडतो. कॉलर बांधून ठेवणं हा उपाय नव्हे. कॉलरची गाडी असेल तर त्या मॉडेलचीच मूठ घ्या, नाहीतर कॉलर आहे तशी ठेवून तिच्या वर किमान २० मिमी मोकळी जागा सोडणारं अडॅप्टर बघा. दोन्ही मिळत नसेल तर जुन्या मुठीवर चामडं शिवून घ्या, दिसायला नवी आणि कामाला कंपनीची.

स्कोडा-फोक्सवॅगनमध्ये दांडी खाली दाबून रिव्हर्स पडतो, तिथे मुठीचा अडथळा येत नाही. बटणाच्या ऑटोमॅटिकच्या नादी लागू नका. बटणाखालच्या दट्ट्याची लांबी मिलिमीटरमध्ये जुळावी लागते, आणि जुन्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये ओव्हरड्राइव्हच्या बटणाची वायर मुठीतूनच जाते.

वजन, उंची आणि ऊन

५० मिमी व्यासाच्या गोळ्याचं घनफळ सुमारे ६५ घनसेंमी. तोच गोळा डेलरिनचा, म्हणजे टणक प्लास्टिकचा केला तर ९० ग्रॅमच्या आसपास भरतो, ॲल्युमिनियमचा १७५, स्टेनलेस स्टीलचा ५०० च्या पुढे आणि पितळेचा साडेपाचशे. जड मुठीमुळे गिअर 'लोण्यासारखा' पडतो असं सांगतात, त्यात तथ्य आहे. हाताने दिलेला वेग जड मूठ टिकवून धरते आणि सिंक्रोपाशी (गिअरचा वेग जुळवणाऱ्या रिंगपाशी) जाणवणारा अडथळा बोटांना कमी कळतो. पण अडथळा कळेनासा झाला म्हणून तो गेलेला नसतो. गिअर घाईने टाकायची सवय लागली तर सिंक्रो रिंग जास्त झिजते.

जड मुठीचा दुसरा तोटा आपल्या रस्त्यांवर लवकर उघडा पडतो. बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत दांडी बहुधा थेट गिअरबॉक्समधून वर येते. खड्ड्यात गाडी आदळली की वरचं अर्धा किलो वजन दांडीला हिसका देतं. दांडीचा खालचा बुश झिजलेला असेल तर खडखड वाढते आणि गिअर जागेवर धरून ठेवणारा आतला डिटेंट स्प्रिंग थकला असेल तर गिअर निसटतो. किराणा दुकानातल्या काट्यावर जुनी मूठ तोला आणि नवी तिच्या दुपटीच्या आत ठेवा. पाचशे ग्रॅमचा गोळा गुळगुळीत ट्रॅकसाठी ठीक, ऊसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यासाठी नाही.

उंचीचा हिशेब साधा आहे. दांडीच्या खालच्या सांध्यापासून मुठीपर्यंत ३०० मिमी आणि मुठीची पुढे-मागे हालचाल १२० मिमी धरा. मूठ ३० मिमी खाली आणली तर हालचाल १०८ मिमीवर येते, पण जोर साधारण ११ टक्के जास्त लागतो. मूठ उंच केली की उलट, जोर कमी आणि हालचाल लांब. तलवारीच्या मुठीसारख्या दीड वीत लांब मुठी सध्या फार खपतात. तिसऱ्या-पाचव्या गिअरमध्ये त्या एसीच्या बटणांवर आपटतात, आणि जोराचा ब्रेक लागला तर ते टोक कोणाच्या तरी बरगडीकडे रोखलेलं असतं. कवटी, बाण, टोकदार मुकुट यांचंही तेच.

आता ऊन. मराठवाड्यात एप्रिल-मेला पारा चाळीस ओलांडतो आणि काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीत उन्हात सापडलेला पृष्ठभाग साठ अंशांच्या पुढे जातो. ॲल्युमिनियम उष्णता भराभर हाताला देतं, पहिल्याच स्पर्शाला चटका बसतो. स्टेनलेसचा चटका तुलनेने सौम्य असतो, पण त्याचं वजन जास्त असल्याने तो एसी लावल्यावरही बराच वेळ गरम राहतो. डेलरिन इथे सरस ठरतं, ते उष्णता फार हळू देतं आणि तेवढ्या तापमानात मऊही पडत नाही. खरं चामडं चालतं, पण घाम आणि उन्हाने कोरडं पडून तडकतं, त्याला वर्षातून दोन-तीनदा कंडिशनर लावावं लागतं. स्वस्त रेक्झिन मात्र दोन उन्हाळ्यांत चिकट होऊन सोलायला लागतं. क्रोमचा मुलामा दिलेलं प्लास्टिक सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात डोळ्यांवर चमकतं. आत बुडबुडे किंवा फुलं असलेली पारदर्शक गोल मूठ तर घेऊच नका. पारदर्शक गोळा भिंगाचं काम करतो आणि सीटच्या कापडावर ऊन एकवटून डाग पाडू शकतो.

लेथवर करून घ्यायची असेल तर

वाळूज, चिकलठाणा, जालना, लातूर, नांदेड, जिथे एमआयडीसी तिथे लेथ आहेच. बाजारातल्या मुठीवर पैसे घालवण्यापेक्षा डेलरिनची मूठ करून घेणं कधीही बरं. ५० मिमी व्यासाचा, ६५-७० मिमी लांबीचा तुकडा पुरतो. टर्नरला तोंडी माप सांगत बसू नका, दांडीवर लावून पाहिलेला नट त्याच्या हातात द्या. भोकाची मापं अशी: एम ८ × १.२५ ला ६.८ मिमी, एम १० × १.५ ला ८.५, एम १० × १.२५ ला ८.८ आणि एम १२ × १.२५ ला १०.८. भोक ३० मिमी खोल, त्यात पूर्ण आटे किमान २२ मिमी. शेवटी बॉटम टॅप (तळापर्यंत आटे पाडणारा) मारायला सांगा, नाहीतर तळाचे आटे अर्धवट राहतात आणि मूठ अर्ध्यावर अडते. तोंडाशी चॅम्फर, म्हणजे तिरपी कड हवी.

डेलरिन उष्णतेने पोलादाच्या नऊ-दहा पट फुगतं. डिसेंबरात घट्ट बसलेली मूठ मे महिन्यात किंचित सैल वाटते ती यामुळेच. यावर चांगला उपाय म्हणजे आत पितळेचा बुश. बाहेरून एम १६, आतून दांडीचे आटे. पितळ-पोलाद जोडी उन्हात-थंडीत बऱ्यापैकी सारखी राहते आणि मूठ दहादा काढली-घातली तरी आटे टिकतात.

सागवानाची मूठ देखणी होते, पण लाकडात थेट आटे पाडणं व्यर्थ. तिथे पितळी बुश आणि इपॉक्सी हवाच. कोरडा उन्हाळा आणि दमट पावसाळा यांत लाकूड आक्रसतं-फुगतं, म्हणून बुशाच्या बाहेरच्या बाजूला खाचा पाडून घ्या, म्हणजे इपॉक्सीला पकड मिळते.

काढणं आणि बसवणं

गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन बंद, हँडब्रेक वर, गिअर न्यूट्रलमध्ये, एका चाकाला दगड. बुटाचं वरचं टोक मुठीखालून सोडवा; कुठे केबल टाय असते, कुठे प्लास्टिकची रिंग. चौकट उचकायला स्क्रू ड्रायव्हर वापरला तर कन्सोलवर ओरखडा ठरलेला. प्लास्टिकची पट्टी किंवा फडकं गुंडाळलेला चमचा घ्या. चौकट निघाली की आत साचलेली काळ्या मातीची धूळ व्हॅक्यूमने ओढून घ्या. तिथे स्प्रेचं तेल मारू नका, तेलावर धूळ बसून त्याचा रंधा होतो.

आट्यांची मूठ घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. अडली असेल तर कंपनीने आट्यांवर गोंद लावलेला असतो, पुन्हा हेअर ड्रायर. दुसऱ्या हाताने दांडी खाली फडक्यासकट पकडीने धरून ठेवा. सगळा पीळ दांडीवर जाऊ दिला तर खालच्या प्लास्टिकच्या सांध्याला आणि केबलच्या टोकांना तो सोसत नाही.

नवी मूठ चढवण्याआधी बूट आणि त्याची रिंग दांडीवर ओवून घ्या, हे विसरलं की सगळं पुन्हा उघडावं लागतं. मग चेक नट (मुठीला खालून अडवणारा नट) शेवटपर्यंत खाली फिरवा. एम १० ला १७ चा पाना लागतो, एम १२ ला १९ चा. जागा कमी असते म्हणून पातळ नट घ्या. त्यावर मूठ हाताने फिरवा. किमान व्यासाइतके आटे आत जायला हवेत, म्हणजे एम १० × १.२५ ला आठ फेऱ्या. गिअरचा नकाशा सरळ आला की मूठ तिथे धरा आणि चेक नट खालून वर आणून मुठीला टेकवून आवळा. नकाशा सरळ करायला मूठ जबरदस्तीने अर्धी फेरी जास्त पिळू नका, चेक नट त्याचसाठी असतो.

धातूच्या मुठीला निळं लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा गोंद) एक थेंब चालतं. लाल नको, ते गरम केल्याशिवाय सुटत नाही. प्लास्टिकच्या मुठीला दोन्ही नकोत. हे रसायन धातूच्या संपर्कात आवळतं, प्लास्टिकमध्ये नीट धरत नाही आणि काही प्लास्टिकला बारीक तडे पाडतं. तिथे नळाच्या कामाची टेफ्लॉन टेप दोन-तीन वेढे पुरे. टेपमुळे बारीक घरघरही थांबते.

ग्रब स्क्रूचीच मूठ वापरायची असेल तर रबरी बुश फेकून ॲल्युमिनियमचा, आतून आटे असलेला बुश मिळवा. एम ४ च्या ग्रब स्क्रूला २ मिमीची ॲलन की लागते, एम ५ ला अडीचची. तिन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एक पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलं की मूठ तिरकी बसते.

बूट पुन्हा बांधताना तो ताणून वर घेऊ नका. ताणलेला बूट दांडीला सतत मागे खेचतो, आणि 'मूठ बदलल्यापासून पाचवा गिअर निसटतो' या तक्रारीत बऱ्याचदा दोष मुठीचा नसून बुटाचाच असतो. पाचव्यात आणि रिव्हर्समध्ये दांडी नेऊन बुटाला चुण्या उरतात का बघा.

आता इंजिन बंद ठेवूनच क्लच दाबून सगळे गिअर एकेक करून टाका. १-३-५ मध्ये मूठ डॅशबोर्डपासून दोन बोटं लांब हवी. २-४ मध्ये मागच्या कप होल्डरमध्ये भरलेली बाटली ठेवून पाहा, हाताचं बोट मध्ये सापडतं का ते तेव्हाच कळतं. रिव्हर्स तीन-चार वेळा टाका. मग इंजिन सुरू करून मोकळ्या मैदानात फिरवा. पहिल्या आठवड्यात चेक नट एकदा पुन्हा तपासा, आणि पहिल्या कडक उन्हाळ्यात दुपारी गाडी तापलेली असताना आणखी एकदा.

नव्या मुठीवर गिअरचा नकाशा नसेल तर स्टिकर आणून लावा, आणि रिव्हर्सची जागा आपल्याच गाडीची आहे ना हे पाहून. सर्व्हिसिंगला गाडी सोडली की ती चालवणारा मेकॅनिक तोच नकाशा बघून रिव्हर्स टाकणार. जुनी मूठ, तिची रिंग आणि स्क्रू एका पिशवीत बांधून डिकीत स्टेपनीखाली ठेवून द्या.